भिवंडी-पडघ्याच्या रिटेल डीसीत (डिस्ट्रिब्युशन सेंटरमध्ये) नेमकं चालतं काय? सगळे विचारतात ते प्रश्न

गावाकडची पोरं, नातेवाईक, माल पुरवणारे छोटे उद्योजक, कधी ड्रायव्हर मंडळी, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतोय. मी या लाइनीत १२ वर्षं आहे, पिकर (रॅकवरून माल काढणारा) म्हणून लागलो, आता इनवर्ड (येणारा माल) बघतो. खाली जे आहे ते किराणा आणि घरसामान विकणाऱ्या सुपरमार्केटच्या डीसीबद्दल आहे, कपड्याच्या किंवा ऑनलाइन पार्सलच्या डीसीत काही गोष्टी वेगळ्या असतात.

डीसी म्हणजे गोडाऊनच ना? नाव मोठं केलंय फक्त?

नाही हो, फरक आहे आणि तो कळला की बाकी सगळं कळतं. गोडाऊनमध्ये माल ठेवतात, डीसीतून माल जातो. म्हणजे समजा ५०-६० स्टोअर आहेत आणि माल देणाऱ्या कंपन्या काही शे, आता प्रत्येक कंपनीने प्रत्येक स्टोअरला स्वतःची गाडी पाठवायची म्हटलं तर स्टोअरच्या मागच्या गेटला दिवसभर टेम्पोंची रांग लागेल आणि निम्मे टेम्पो अर्धे रिकामे येतील. त्यापेक्षा सगळ्यांनी एकाच ठिकाणी भरलेली गाडी आणायची, तिथे माल स्टोअरप्रमाणे वाटायचा, आणि स्टोअरला एकाच गाडीत तेल, साबण, पोहे, बिस्किट सगळं जायचं. तांदूळ-डाळ काही दिवस थांबते. काही माल तर रॅकवर चढतच नाही, एका डॉकवर (गाडी लावायच्या फलाटावर) उतरतो आणि समोरच्या डॉकवरून काही तासांत निघतो, त्याला क्रॉस डॉक म्हणतात. आमच्याकडे माल किती दिवस पडून आहे हे रोज बघितलं जातं आणि जास्त दिवस पडला की विचारणा होते.

सगळ्यांची गोडाऊनं भिवंडीतच का?

जकात. मुंबईत माल शिरताना जकात भरावी लागायची, मुलुंडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा ज्यांनी बघितल्यात त्यांना आठवत असेल. भिवंडी तालुक्यातला ग्रामपंचायतींचा भाग जकातीच्या बाहेर आणि मुंबईच्या अगदी तोंडाशी, मग व्यापाऱ्यांनी माल इथे ठेवायचा आणि लागेल तेवढाच मुंबईत न्यायचा, म्हणून काल्हेर, वळ, दापोडे, मानकोली, राहनाळ या पट्ट्यात गाळ्यांवर गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. तेव्हा बरेच जण म्हणाले आता भिवंडी संपली. झालं उलटं! जीएसटीच्या आधी कंपन्या टॅक्स वाचवायला राज्याराज्यात छोटी छोटी गोडाऊनं ठेवायच्या, ती गरज गेली, मग कमी पण मोठ्या जागा घ्यायला लागल्या आणि नाशिक हायवेला पडघ्याच्या बाजूला उंच, मोठी शेड उभी राहिली. जेएनपीटीचं (आता जेएनपीए) बंदर जवळ, नाशिक-गुजरात दोन्हीकडे जायला रस्ता, आणि आता भिवंडीजवळच्या आमण्याहून समृद्धी महामार्ग. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, म्हणजे नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर सलग.

आतून कसं असतं? केवढं?

जुने गाळे बघितले असतील तर डोक्यातून काढून टाका. नवीन शेडची आतली उंची ९ ते १२ मीटर असते, फरशी साधारण चौरस मीटरला ५ टन वजन घेईल अशी, आणि एकदम सपाट, कारण वर १० मीटरवर पॅलेट (माल रचलेली फळी) चढवताना खाली फरशी थोडी जरी वरखाली असली तरी वर फोर्कलिफ्टचा मास्ट (उभा खांब) झुलतो. बाहेर डॉक, साधारण ४ फूट उंच, म्हणजे गाडीचं फाळकं आणि फरशी एका लेव्हलला येते. पॅलेट आपल्याकडे बहुतेक १२०० बाय १००० मिलिमीटरचं. छताला स्प्रिंकलर आणि त्यांच्याखाली ठराविक अंतर मोकळं ठेवायचंच, तिथपर्यंत माल रचला तर आग लागल्यावर पाणी पसरत नाही. भिवंडीत गोडाऊनच्या आगी आपण सगळ्यांनी बघितल्यात, त्यामुळे फायर एक्झिटसमोर कुणी "दोनच मिनिटं" म्हणून पॅलेट लावलं तर मी तिथे ऐकून घेत नाही.

कंपनीची गाडी आली की पुढे काय काय होतं?

आधी अपॉइंटमेंट. पुरवठादाराने आदल्या दिवशीपर्यंत स्लॉट घ्यायचा, आल्यावर गेटला गाडी नंबर, पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर, बिल, ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) बघतात. माल ५० हजार रुपयांच्या वरचा असेल तर ई-वे बिल लागतं (महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे), आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला १ दिवस. मग डॉक मिळतो, सील तपासून तोडायचं, माल उतरवायचा.

खरं काम इथून पुढे. मोजणी. पीओत आहे तेवढंच घ्यायचं, जास्त आलं तर परत, कमी आलं तर कमीच लिहायचं आणि ड्रायव्हरची सही घ्यायची. प्रत्येक आयटमचा एक तरी पीस उघडून बारकोड स्कॅन करायचा, एमआरपी बघायची, पॅकिंगची तारीख आणि एक्स्पायरी बघायची. कार्टनवरचा बारकोड वेगळा असतो आणि आतल्या पिसावरचा वेगळा, पिसावरचा १३ आकडी, कार्टनवरचा १४ आकडी. इथे सगळ्यात महाग चूक होते ती अशी की १०० कार्टन आले, एका कार्टनमध्ये १२ पीस, आणि घाईत एंट्री झाली १०० पीस. आता सिस्टिमला वाटतंय १०० आहेत, जागेवर आहेत १२००. उलटंही होतं. दोन्हींत पुढचे ८-१० दिवस कुणीतरी डोकं धरून बसतं. म्हणून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करणाऱ्या पोराला मी कधी घाई करत नाही, बाहेर कितीही गाड्या उभ्या असल्या तरी.

आमचा बचत गट आहे, पापड आणि मसाले देतो. दोनदा गाडी परत पाठवली, माल चांगला होता तरी. का?

ताई, हा प्रश्न मला फार जवळचा आहे कारण असा चांगला माल परत जाताना बघून खरंच वाईट वाटतं. माल चांगला असतो, कागद किंवा तारीख अडते. हे तपासा: पीओची मुदत संपली नाही ना. पॅकवरची एमआरपी पीओतल्या एमआरपीशी पैशासकट जुळते का. बारकोड सगळ्या पॅकवर एकसारखा नीट छापलाय का, सुरकुतलेल्या प्लास्टिकवर चिकटवलेलं स्टिकर स्कॅनिंगची गन वाचतच नाही. परवान्याचा एफएसएसएआय नंबर, निव्वळ वजन, तारीख, पत्ता पॅकवर आहे का.

आणि सगळ्यात जास्त गाड्या ज्याच्यामुळे परत जातात ते म्हणजे उरलेलं आयुष्य. बऱ्याच कंपन्यांचा नियम असतो की माल डीसीत येताना त्याचं ठराविक आयुष्य शिल्लक हवं, काही जण दोन तृतीयांश मागतात. म्हणजे ६ महिने टिकणारा मसाला तुम्ही ३ महिने घरी ठेवून पाठवला तर तो खायला उत्तम आहे पण आम्ही घेऊ शकत नाही, कारण डीसीत काही दिवस, मग स्टोअरच्या शेल्फवर, मग गिऱ्हाईकाच्या डब्यात तो महिना-दोन महिने राहणार. ऑर्डर आली की मग कुटायचं, आधी कुटून ठेवायचं नाही. आणि एका कार्टनमध्ये दोन तारखांचा माल कधीच घालू नका. कार्टनही जाड घ्या, ३ प्लायचं (तीन थरांचं) कार्टन खालच्या थरात चेपतं आणि पापडाचा चुरा होतो.

एवढ्या मोठ्या जागेत एखादा खोका सापडतो कसा?

पत्त्यावर. प्रत्येक जागेला पत्ता असतो, गल्ली, खण, मजला, जागा. समजा सी-१४-०३-२, म्हणजे सी गल्ली, १४ वा खण, तिसरा मजला, दुसरी जागा. माल ठेवताना आधी पॅलेटचं लेबल स्कॅन, मग जागेचं लेबल स्कॅन, दोन्हींची जोडी सिस्टिममध्ये बसली की झालं. बघा, बेसन बेसनच्या शेजारी असेलच असं नाही. जी जागा मोकळी ती मिळते. माणसाला ते विस्कळीत वाटतं पण सिस्टिमला पत्ता माहीत असला की पुरे. जास्त खपणारा माल मात्र डॉकच्या जवळ आणि खालच्या मजल्यावर.

पत्ता चुकला की काय होतं ते सांगतो. एका दिवाळीच्या आधी, आमच्याच शिफ्टमध्ये, बेसनाचं एक अख्खं पॅलेट एका मजल्याने चुकून वर ठेवलं गेलं, पोराने लेबल खालच्या मजल्याचं स्कॅन केलं कारण वरचं लेबल त्याला खालून दिसत नव्हतं. पुढचे ४ दिवस पिकर त्या पत्त्यावर जायचे, माल नाही, शॉर्ट (माल कमी) मारायचे आणि पुढे जायचे. स्टोअरवाले ओरडतायत बेसन नाही बेसन नाही, सिस्टिम म्हणते ४० कार्टन आहेत, आणि सिस्टिममध्ये आहेत म्हणून नवीन ऑर्डरही जात नाहीये. ते पॅलेट पूर्ण वेळ तिथेच डोक्यावर ४-५ फुटांवर होतं! पाचव्या दिवशी मोजणीत सापडलं. त्या पोराला लोक बोलले, पण मला विचाराल तर चूक लेबल लावणाऱ्यांची होती, वरच्या मजल्यांची लेबलं खालीच डोळ्यांच्या उंचीवर रंग आणि बाण देऊन लावायची असतात, ती तशी लावली आणि तो प्रकार जवळजवळ थांबला. तेव्हापासून मी प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या दिवशी एकच सांगतो, सिस्टिममध्ये जे आहे ते जागेवर असलं पाहिजे आणि जागेवर जे आहे ते सिस्टिममध्ये, बाकी सगळं आपण सांभाळून घेऊ.

मग मोजत नाही का रोज?

मोजतो, पण सगळं नाही. रोज थोड्या गल्ल्या, असं करत करत सगळं फिरून होतं, जास्त खपणारा आणि महागडा माल जास्त वेळा. पिकरने शॉर्ट मारला की ती जागा त्याच दिवशी मोजायची, उद्यावर ढकलायची नाही.

स्टोअरला किती माल पाठवायचा हे कोण ठरवतं?

बहुतेक सिस्टिमच. उदाहरण घेऊ. एका स्टोअरमध्ये पोह्याची रोज २४ पाकिटं जातात, गाडी एक दिवसाआड येते, आणि एक दिवसाचा जादा साठा हवा, म्हणजे ३ दिवसांची ७२ पाकिटं लागतात. शेल्फवर २० आहेत, वाटेत काही नाही, म्हणून ५२ हवीत. कार्टन १२ चा, तर ५ कार्टन. आता समजा त्या २० पैकी १५ पाकिटं प्रत्यक्षात नाहीतच, फाटली, चोरीला गेली किंवा मागच्या खोलीत हरवली, तरी सिस्टिम ५ च कार्टन पाठवणार आणि ते पोचायच्या आधीच शेल्फ रिकामं. गिऱ्हाईक म्हणतं यांच्याकडे कधीच पोहे नसतात. इकडे आमच्याकडे ढीगभर असतात. सण, ऑफर असं काही असलं की माणूस मध्ये पडून आकडा बदलतो.

पिकिंगमध्ये काय करायचं असतं? खूप चालावं लागतं म्हणे?

हो, चालावं लागतं, यात काही लपवत नाही. हातात गन, गन पत्ता दाखवते, तिथे जायचं, जागा स्कॅन, माल स्कॅन, आकडा टाकायचा, पॅलेटवर ठेवायचं, पुढचा पत्ता. रस्ता सिस्टिम लावून देते म्हणजे उगाच मागे-पुढे होत नाही. काही ठिकाणी कानात हेडफोन असतो आणि तो पत्ता बोलतो, हात मोकळे राहतात. अख्खे कार्टन उचलायचे ते केस पिकिंग, आणि स्टोअरला ३ च बाटल्या हव्यात अशा सुट्या मालाचं लूज पिकिंग, ते क्रेटमध्ये.

रचण्यात हात बसायला वेळ लागतो. जड खाली, हलकं वर, विटा रचतात तसं सांधा मोडून, आणि तेलाच्या पाऊचचे कार्टन बिस्किटांवर कधीच नाही. चांगला पिकर गल्लीत शिरायच्या आधीच डोक्यात पॅलेट रचून ठेवतो, मी असे दोन-तीन जण बघितलेत, त्यांचं पॅलेट डोंबिवलीपर्यंतच काय पुण्यापर्यंत जाऊनही हलत नाही.

साबण आणि खायचा माल एकत्र ठेवतात का?

नाही. चहा आणि तांदूळ वास ओढून घेतात. अगरबत्ती, फिनेल, डिटर्जंट वेगळ्या भागात, गाडीतही वेगळं.

एकाच वस्तूच्या दोन एमआरपी असतात तेव्हा काय करता?

हे आपल्याकडचं डोकेदुखीचं काम. छापलेल्या एमआरपीच्या वर विकता येत नाही, कायदाच आहे. त्यामुळे कंपनीने भाव बदलला की जुनी १०० वाली आणि नवीन १०५ वाली बाटली आमच्यासाठी दोन वेगळ्या वस्तू, बारकोड तोच असला तरी. वेगळ्या जागी ठेवायच्या, आधी जुनी संपवायची. आणि २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हाचं तर विचारू नका, साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसाचं तेल १८ वरून थेट ५ टक्क्यांवर आलं. त्याच दिवशी घटस्थापना, दिवाळीचा माल आधीच भरलेला, आणि रॅकवर जे होतं त्यावर जुनी किंमत. सरकारने सुधारित किमतीचं स्टिकर लावायची मुभा दिली, जुनी किंमत दिसत राहील असं. गिऱ्हाईकाला भाव कमी मिळाला हे चांगलंच झालं, पण त्यामागे किती हातांनी किती स्टिकरं लावली हे कुणी बघितलं नाही म्हणून इथे नोंदवतोय.

आधी आलेला माल आधी जातो का?

खाण्याच्या मालात आधी संपणारा आधी जातो. आजच्या गाडीत जवळची तारीख आली तर तीच आधी निघणार.

गाडी कशी भरतात? ड्रायव्हरला एवढा वेळ का थांबवतात?

जे स्टोअर शेवटी येणार त्याचा माल आधी आत, पहिल्या स्टोअरचा दाराशी. भरून झालं की सील, सीलचा नंबर चलनावर, स्टोअरवाल्याने तोच नंबर बघून तोडायचा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात त्याच जीएसटी नंबरखाली माल फिरतोय तर डिलिव्हरी चलन चालतं, दुसऱ्या राज्यातल्या स्टोअरला पाठवलं तर टॅक्स इनव्हॉइस लागतं, मालक एकच असला तरी.

थांबण्याबद्दल ड्रायव्हर लोकांची तक्रार खरी आहे. ठाण्यात अवजड गाड्यांना ठराविक वेळेत बंदी, मग सगळ्या गाड्या एकाच वेळी निघायला बघतात आणि एकाच वेळी परत येतात, त्यात मानकोली आणि कशेळीचं ट्रॅफिक. पण थांबवायचंच असेल तर सावली, पाणी आणि संडास द्या एवढी माणुसकी प्रत्येक डीसीने पाळली पाहिजे, आणि सगळीकडे पाळली जात नाही.

गणपती-दिवाळीला काय बदलतं?

सगळं. गणपतीच्या आधी कापूर, अगरबत्ती, गूळ, तांदळाचं पीठ. दिवाळीच्या आधी तेल, रवा, मैदा, बेसन, तूप, मग उटणं आणि सुकामेवा. दिवाळीचा माल ६-८ आठवडे आधीपासून यायला लागतो, जागा पुरत नाही, तात्पुरती माणसं लागतात. त्यात दिवाळी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आली तर पगार, महिन्याचं सामान आणि फराळ तिन्ही एकत्र. फराळ करायला बायका वसुबारसेच्या आठवडाभर आधी बसतात, त्यामुळे बेसन धनत्रयोदशीला स्टोअरला पोचून उपयोग नाही, हे मी दर वर्षी प्लॅनिंगवाल्यांना सांगतो. भाऊबीज झाली की एकदम शुकशुकाट आणि मग रिटर्नचा पूर.

रिटर्न मालाचं काय होतं? फेकता?

फाटलेला, तारीख जवळ आलेला, न खपलेला माल रिकाम्या क्रेटबरोबर परत येतो. वेगळ्या जाळीच्या खोलीत उतरवून निवडायचा. कंपनीशी करार असेल तर तिच्याकडे परत, चांगला असेल तर पुन्हा रॅकवर, तारीख गेलेला माल मोजून, नोंद करून नष्ट. तो मागच्या दाराने बाजारात जाता कामा नये.

माथाडी कामगार म्हणजे कोण? मी लागलो तर मी माथाडी का?

आपोआप नाही. महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र करून लढा दिला त्यातून आलेला. नोंदणी असलेल्या हमालांच्या टोळीची मजुरी मालकाने माथाडी मंडळात भरायची, वर लेव्ही (मजुरीवरची ठराविक टक्के रक्कम) भरायची, त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. बऱ्याच ठिकाणी उतरवणं-चढवणं टोळी करते आणि पिकिंग, जीआरएन, स्टॉकचं काम पगारी किंवा कंत्राटी पोरं करतात. दोन्हींचे हक्क वेगळ्या कायद्याने येतात, म्हणून आपण कुठे मोडतो हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

भाचा बारावी झालाय, लावू का? मुलींना काम असतं का?

लावा, पण बघून लावा. कंत्राटदारामार्फत लागला तरी पीएफचा यूएएन नंबर त्याच्या मोबाइलवर आला पाहिजे, पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड मिळालं पाहिजे, ओव्हरटाइम दुप्पट दराने, आणि पगार बँकेतच. "नंतर बघू" म्हणणारा कंत्राटदार असेल तर दुसरा बघा, या पट्ट्यात काम मिळतं. पिकरचा जीआरएनवाला होतो, मग स्टॉकचं काम, मग सुपरवायझर. एक्सेल यायला हवं. फोर्कलिफ्ट किंवा रीच ट्रक (उंच रॅकवर पॅलेट चढवणारी गाडी) शिकला तर पगारात लगेच फरक पडतो, पण ट्रेनिंग झाल्याशिवाय कुणी सांगितलं तरी बसायचं नाही.

मुली लूज पिकिंग, पॅकिंग, स्कॅनिंग, रिटर्न, ऑफिस सगळीकडे आहेत आणि मोजणीत माझ्या अनुभवात जास्त काटेकोर आहेत. विचारायचं ते एवढंच की बस कुठपर्यंत सोडते. हायवेच्या फाट्यावर सोडते की गावापर्यंत, हे नीट विचारा.

पहिल्या दिवशी आधार, बँक पासबुक, दोन फोटो, बंद बूट आणि पाण्याची बाटली. बूट नवेकोरे नकोत, दोन दिवस घरी घालून सैल केलेले.